रोक्कास्कुराचं स्थळ

आमचे हे, म्हणजे कोंडीराम, विमानातून उतरल्यापासून एकच गोष्ट घोकत होते. "च्या पिऊ, पाणी पिऊ. पण ताटावर बसायचं न्हाई."

"इमानात दोनदा बसलात की," मी म्हटलं.

"इमान काय पोराचं घर हाय व्हय?"

आम्ही इटलीला स्थळ बघायला निघालो होतो. हे मी चाकणच्या बाजारात सांगितलं, तेव्हा भाजीवाली मेथीची जुडी हातात धरून नुसती माझ्याकडे बघत राहिली. शेवटी म्हणाली, "मावशी, राजगुरुनगरला पोरं संपली का?"

पोरं कुठेच संपलेली नाहीत. पण माझी नात सोनल तळवड्याला एका कंपनीत आहे. तिथे पॅकिंगची मशिनं बसवायला इटलीहून एक पोरगा आला. एलिया त्याचं नाव. दोन वर्षं राहिला. मशिनं बसली आणि आमची पोरगी उठली, की लग्न करीन तर ह्याच्याशीच.

तिच्या बापाने, माझ्या ज्ञानेशने, ओझं दिसलं की दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवायचं हे लहानपणीच शिकून घेतलंय. तो म्हणाला, "अप्पा म्हणतील ते." म्हणजे गोष्ट आमच्या ह्यांच्यावर आली. सोनलही तशीच. सगळं शिक्षण करून, स्कुटी उडवत नोकरीला जाणारी पोरगी आजोबांसमोर येऊन बसली आणि म्हणाली, "अप्पा, तुम्ही नाही म्हणालात तर मी पळून जाणार नाही. पण मग दुसऱ्या कुणाचा फोटो माझ्यापुढे ठेवायचा नाही. कधीच."

ह्यांनी बराच वेळ मिशी ओढली आणि म्हणाले, "स्थळ बघितल्याबिगर मी व्हय पण म्हणत न्हाई आन् न्हाई पण म्हणत न्हाई."

आता ह्यांचं स्थळ बघणं म्हणजे काय ते सांगते. आमच्याकडे जुन्या माणसांची रीत अशी, की मुलीकडची चार माणसं मुलाच्या गावी जातात. विहीर बघतात, गोठा बघतात, भावकीत कुणाचं कुणाशी वाकडं आहे ते विचारतात. पसंत नसलं तर चहा घेऊन, पान खाऊन उठतात. पसंत असलं तर जेवायला बसतात. ताटावर बसलं की सोयरीक झाली. मग साक्षात ब्रह्मदेव आला तरी मोडत नाही. हल्ली असलं कोणी पाळत नाही. हल्ली मुलाचं पॅकेज फोनवर विचारतात आणि जेवतात हॉटेलात, म्हणजे कुणाच्याच घरचं अन्न आडवं येत नाही. पण ह्यांच्या डोक्यात रिवाजांचं गोदाम आहे आणि त्याला शटर नाही.

तर हे, मी आणि सोनल, असे आम्ही तिघं रोक्कास्कुराला पोहोचलो.

हे गाव डोंगराच्या टोकावर आहे. खालून बघितलं तर वाटतं, कुणीतरी दगडांचा ढीग रचता रचता कंटाळून सोडून दिलाय. जवळ गेल्यावर त्या ढिगाला खिडक्या फुटतात. गावाला वेस आहे, तट आहे, आणि आत गाडी जात नाही. एलिया आम्हाला आणायला आला होता. उंच, लाल गालांचा, दाढी वाढलेला पोरगा. तो मराठी बोलतो, पण ती सगळी कंपनीतल्या मशिनपाशी शिकलेली.

"द्या बॅग, अप्पा राव. टेन्शन नका घेऊ," तो म्हणाला.

हे माझ्या कानाशी लागले. "मला राव म्हणतो?"

"मानानं म्हणतोय."

"मानानं न्हाई. शिफ्ट सुटल्यावर पोरं म्हणत्यात तसं म्हणतोय. आपल्याच रानावर कंपनी झाली तवा मी तिच्याच गेटावर बारा वर्सं बसलोय. मला कळतं."

बॅग मात्र त्याला दिली. बॅगेत आठ दिवस पुरतील एवढ्या दशम्या, शेंगदाण्याची चटणी, लाडू आणि चिवडा होता. कारण ताटावर बसायचं नव्हतं. मुलाच्या घरी उतरायचंही नव्हतं. म्हणून एलियाने शेजारच्या घरातली एक खोली आमच्यासाठी ठरवली होती. ती टुरिस्टांना देतात. खोलीच्या दारावर एक दगडी पाटी होती. अक्षर मी पन्नाशीनंतर शिकले, त्यामुळे पाटी दिसली की वाचल्याशिवाय मला चैन पडत नाही. पण ह्या गावातल्या पाट्यांसमोर मी परत अंगठेबहाद्दर झाले. सोनल एलियाकडून त्याची भाषा शिकली आहे, तिने वाचून सांगितलं, की चारशे वर्षांपूर्वी एक मोठा धर्मगुरू आजारी पडून ह्या खोलीत राहिला होता.

"बरा झाला का?" मी विचारलं.

"ते लिहिलेलं नाही."

ऐतिहासिक गावाचं असंच असतं. चाकणलाही किल्ला आहे. पण आम्ही त्याच्यावर पाट्या लावत बसत नाही, बाहेरच्या ट्रॅफिकमधून वाट काढता काढताच आयुष्य जातं. इथे प्रत्येक दगडाला सनावळी चिकटवलेली. चर्च आठशे वर्षांचं, पाण्याचा हौद सहाशे वर्षांचा, आणि माणसं पाहिली तर तीही साधारण त्याच सुमाराची. तरणं माणूस औषधाला नाही. गावात एक दुकान, एक कॉफीची जागा, आणि मांजरं. टुरिस्ट मात्र येतात. ते जुनं काहीतरी बघायला येतात आणि आमच्या ह्यांचा फेटा, धोतर आणि मिशी बघून तिथेच थांबतात. दुसऱ्या दिवशी एक जर्मन बाई चर्च न बघताच परत गेली. ह्यांचे फोटो काढून तिचं समाधान झालं होतं.

ह्यांनी चौकशी सुरू केली. आमच्याकडे चौकशी न्हाव्याकडे करतात, नाहीतर पारावर. इथे पार म्हणजे चौकातला एक बाक. त्याच्यावर तीन म्हातारे सकाळी येऊन बसायचे आणि ऊन सरकेल तसे तेही सरकायचे. हे जाऊन त्यांच्याशेजारी बसले. दुभाषी कोण? सोनल. म्हणजे जिचं लग्न, तिनेच मुलाची चौकशी भाषांतर करून सांगायची.

"इचार, पोरगं दारू पितं का?"

सोनलने विचारलं. तिन्ही म्हातारे बराच वेळ बोलले. एकाने तर छातीवर हात मारला. सोनल म्हणाली, "नाही म्हणतात. जेवताना थोडी वाइन."

"येवढं बोलले, त्याचं येवढंच?"

"अप्पा, इटालियन भाषा लांब असते."

मला तिच्या तोंडावरून कळलं. संध्याकाळी मी तिला बाजूला घेतलं तेव्हा तिने सांगितलं. म्हातारे म्हणाले होते, न पिणाऱ्या माणसावर विश्वास कसा ठेवायचा, त्याला काहीतरी रोग असणार.

"आता इचार, भावकीत भांडण?"

ह्यावर बाक हलला. एलियाची आजी असुंता आणि तिची जाऊ तीस वर्षं एकमेकींशी बोलत नाहीत. कारण एक भिंत. कुणाची, हे ठरत नाही. दोघी रोज सकाळी त्या भिंतीच्या दोन बाजूंनी कपडे वाळत घालतात आणि एकमेकींकडे बघत नाहीत.

हे खूश झाले. "म्हंजे खानदानी हायेत," म्हणाले.

मग जमीन बघितली. एलिया आम्हाला गावाच्या मागच्या उतारावर घेऊन गेला. तिथे चेस्टनटची झाडं होती. काटेरी बोंडं पडतात, त्यातून तपकिरी फळ निघतं, चवीला रताळ्याच्या जवळपास. एलियाच्या पणजोबाने लावलेली झाडं. ह्यांनी काठीने जमीन उकरून पाहिली. खाली दगड, दगडाखाली मोठा दगड.

"ह्याच्यात काय पिकतं?"

"हे काय, अप्पा राव. झाड," एलिया म्हणाला.

"दिसतंय मला. माणूस काय खातो?"

"माणूस कंपनीत जातो," एलिया म्हणाला. तो खाली सपाटीवरच्या कारखान्यात जायचा आणि संध्याकाळी वर यायचा. लग्न झाल्यावरही त्याला इथेच राहायचं होतं, आजीच्या घरात.

परतताना ह्यांनी सोनलला ऐकवलंच. "पोरी, हे गाव मरायला टेकलंय. सगळी म्हातारी. आपलं गाव बघ, रोज वाढतंय."

"आपलं गाव कुठंय, अप्पा?" सोनल म्हणाली. "चार कंपन्यांच्या भिंतींच्या मध्ये जे उरलंय ते? परवा आपल्या ओट्यावर कंटेनरचा ड्रायव्हर आंघोळ करत होता."

"पाणी मागितलं म्हणून दिलं."

"मी कुठं चुकीचं म्हणतेय? मी म्हणतेय, इथं ओट्यावर बसलं की डोंगर दिसतो, कंपनीची भिंत नाही."

हे काठी आपटत पुढे निघाले. मला काठीच्या आवाजावरून कळत होतं, की गाडी नकाराकडे चालली आहे.

मी मात्र माझी चौकशी वेगळी चालवली होती. कॉफीच्या जागी सोनल आणि एलिया त्या म्हाताऱ्यांबरोबर पत्ते खेळायचे. सोनल नव्याने शिकली होती, तरी तिने त्याला चार डावांत चारदा हरवलं. तो उठला, आत गेला, आणि दुकानदाराला, त्याच्या बायकोला आणि बाहेरून जाणाऱ्या पोस्टमनला सांगून आला, की ही बघा, हिने मला हरवलं. दात काढून सांगत होता. जिंकताना सगळे सारखेच दिसतात. माणूस हरताना बघून घ्यावा. आमचे हे एकदा यात्रेत कबड्डीत हरले होते, तर दोन दिवस बैलांशीसुद्धा बोलले नव्हते.

रविवारी असुंताने आम्हाला घरी बोलावलं.

असुंता नव्वदीला टेकलेली बाई. उंचीने माझ्या खांद्याला लागेल, पण आवाज तळेगाव चौकातल्या ट्रॅफिक पोलिसासारखा. एलियाचे आईबाप वेगळे झाले तेव्हा तो लहान होता. त्याला हिनेच वाढवला. घर तिचं, शब्द तिचा. एलियानेही सोनलला आधीच सांगून ठेवलं होतं, की नोना हो म्हणाली तरच. तिथे आजीला नोना म्हणतात.

सोनलने त्याला ताटावर न बसण्याची रीत समजावली होती. पण तो हसला होता. त्याला वाटलं, आदल्या संध्याकाळपासून नोनाच्या चुलीवर जे शिजतंय त्याचा वास आला, की अप्पा आपोआप बसतील. तो ह्यांना ओळखत नव्हता.

दार इतकं बुटकं, की ह्यांचा फेटा अडकला आणि हे बोडके आत शिरले. आत लांब टेबल. त्याच्यावर पांढरी चादर, इस्त्री केलेली. आम्ही मटण-मासे खात असलो तरी परदेशातलं मांस खाणार नाही, हे एलियाने सांगितलं होतं. म्हणून तिने सगळं विचार करून केलं होतं. करंजीसारख्या मुरड घातलेल्या, आत बटाटा भरलेल्या पिठाच्या उकडलेल्या घड्या. राजम्यासारख्या दाण्यांची दाट आमटी. भाजलेल्या भोपळी मिरच्या. चीजचा एवढा गोळा, आणि चेस्टनटच्या पिठाचा काळसर केक. एवढ्या घड्यांना मुरड घालायची म्हणजे दिवस जातो. माझ्या बोटांना ते बघूनच कळलं.

असुंता टेबलाच्या टोकाला उभी राहिली आणि हाताने बसा म्हणाली.

ह्यांनी हात जोडले. "आमी जेवून आलोय."

सोनल चादरीची कड सारखी करायला लागली.

"सांग तिला."

"अप्पा, एक घास घ्या. फक्त एक."

"घास आन् ताट एकच. सांग."

सोनलने सांगितलं. असुंताला वाटलं आम्ही लाजतोय. तिने स्वतःच्या हाताने ताट भरलं आणि ह्यांच्यासमोर ठेवलं. ह्यांनी ताटाला नमस्कार केला आणि ते दोन बोटांनी मागे सरकवलं. आमच्याकडे हे अगदी सभ्यतेने केलेलं समजतात.

एलिया घाईघाईने तिला समजावायला लागला. रीत काय आहे, जेवलं म्हणजे काय, न जेवलं म्हणजे काय. ऐकता ऐकता म्हातारीचा चेहरा टेबलावरच्या चादरीसारखा झाला, पांढरा आणि कडक. तिने एकच प्रश्न विचारला. मग ताट उचललं, परत भांड्यात ओतलं. मग दुसरं ताट. मग तिसरं. सगळं ओतून झाल्यावर तिने पुढे बांधलेलं फडकं सोडलं, घडी केली आणि आतल्या खोलीत निघून गेली. जाताना जे बोलली ते सोनलने आम्हाला गल्लीत आल्यावर सांगितलं.

"तिनं विचारलं, म्हणजे हा अजून बघतोच आहे? बाजारात आलाय का? आणि म्हणाली, ज्याला माझ्या घरचं अन्न नको, त्याला माझ्या घरचा मुलगा कशाला? लग्न होणार नाही."

सोनलचा आवाज अगदी सपाट होता. रडली असती तर मी पदर पुढे केला असता. ती रडली नाही. खोलीवर गेली आणि बॅगेतले कपडे बाहेर काढून परत घड्या घालत बसली.

आता बघा गंमत. हे त्या सकाळपर्यंत नकार द्यायलाच बसले होते. पण समोरून नकार आल्यावर ह्यांच्या अंगाची आग झाली. धर्मगुरू आजारी पडला होता त्या खोलीत हे इकडून तिकडे फेऱ्या मारायला लागले.

"ती कोण न्हाई म्हणणारी? आमची पोरगी! इंजिनेर! हिच्यासाठी चऱ्होलीची दोन स्थळं दारात येऊन बसली व्हती!"

"मग तुमाला तर पायजेच व्हता नकार," मी म्हटलं.

"द्यायचा तर आमी द्यायचा! मुलीकडच्यांनी द्यायचा असतो!"

"मग काय करायचं आता? तिनं व्हय म्हणायचं, म्हंजे तुमी न्हाई म्हणाल?"

ह्यांनी थांबून विचार केला. "तसंच," म्हणाले.

"आन् सोनलचं?"

"सोनलचं काय? ती घरातली हाय."

 हे वाक्य मला दातात अडकलेल्या कणासारखं टोचत राहिलं. माझ्या वेळी पाच माणसं माझं सासर बघायला आली होती. मामा सोडला तर त्यातल्या एकालाही माझं नाव माहीत नव्हतं. सासूबाई नंतर कौतुकाने सांगायच्या, की पुरणपोळी इतकी चांगली झाली, पाचही जण पोट धरून उठले. झालं. पाच पोटांनी माझं लग्न ठरवलं. मला मिळाला तो माणूस वाईट निघाला नाही, हे माझं नशीब. पोळीचं त्यात काही कर्तृत्व नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी हे आंघोळीला गेले. सोनल एलियाशी बोलायला खाली वेशीपाशी गेली होती. मी डोक्यावर पदर घेतला आणि असुंताच्या घरी गेले. एकटीच. मला तिची भाषा येत नव्हती आणि तिला माझी. पण काही कामांना भाषा लागत नाही.

ती स्वयंपाकघरात खिडकीपाशी बसली होती. मला बघून उठली नाही. मी टेबलापाशी गेले, खुर्ची ओढली, बसले. आधी तिच्या भांड्याकडे बोट केलं, मग माझ्या तोंडाकडे.

"वाढ," मी म्हटलं.

ती हलली नाही.

"वाढ गं बाई. दशम्या खाऊन कोठा बसलाय माझा."

तिला शब्द कळले नसतील, पण एक म्हातारी दुसऱ्या म्हातारीला कोणत्या आवाजात वाढ म्हणते ते कळलं असावं. ती उठली. कालचंच उरलेलं तव्यावर टाकलं, मुद्दाम. ताजं काही केलं नाही. मानी बाई. मीही तेच केलं असतं. ताट माझ्यासमोर आदळलं आणि हाताची घडी घालून समोर उभी राहिली, खाते की टाकते ते बघायला.

मी हाताने खायला सुरुवात केली. तिने काटा पुढे केला, मी तो बाजूला ठेवला. खरं सांगायचं तर सगळं आळणी होतं. मिरचीचा वास नाही, लसूण नावाला. माझ्या पिशवीत चटणीची डबी होती आणि माझा जीव तिच्याकडे ओढत होता. पण डबी काढली नाही. पहिली घडी खाल्ली, दुसरी खाल्ली. तिसरीला चव लागायला लागली. भुकेची असेल. मी चौथी मागितली. तिने हाताची घडी सोडली. आमटी मागितली, तर ती ताजा पाव कापून घेऊन आली. केक मागितला तेव्हा तिने खुर्ची ओढली आणि माझ्यासमोर बसली.

तेवढ्यात दारात फेटा अडकल्याचा आवाज झाला.

हे आत आले. मागे सोनल आणि एलिया. मला खोलीत न बघून गावभर शोधत आले होते. माझ्या हातात केक, तोंडात केक, ओठाला आमटी. हे जागच्या जागी थांबले.

"सगुणे! काय करतीस?"

मी सावकाश गिळलं. "जेवतीया."

"तुला कळतंय का काय केलंस ते?"

"कळतंय. सोयरीक केली."

सोनलने तोंडावर हात ठेवला. एलिया तिला खुणेने विचारत होता काय झालं, काय झालं. 

"बाईमाणसानं खाल्लेलं धरत न्हाईत," हे म्हणाले. आवाज चढवायचा प्रयत्न होता, पण चढत नव्हता.

"मग धराया लागा. आजपासून."

"अगं पण इचारायचं तरी मला!"

"तुमी मला इचारलंत? तुमी तर तिच्या नकाराला नकार देत बसला व्हता. मी पोरगं बघितलं, हरताना बघितलं. घर बघितलं. म्हातारी खडूस हाय, पण समोर बोलती, पाठीमागं न्हाई. आन् पोरीला काय पायजे ते पोरीनं कवाच सांगितलंय. आपण दोघं येवढ्या लांब फकस्त ते ऐकायला आलो."

हे सोनलकडे वळले. वाटलं, आता ओरडतात. पण ते तिच्याकडे नुसते बघत राहिले. तिने तोंडावरचा हात काढला नव्हता, आणि त्या हातावरून पाणी ओघळत होतं. काल न आलेलं सगळं आज आलं.

"इंजिनेर झाली, पर रडती अजून तशीच," हे पुटपुटले. मग खाकरले आणि एलियाला म्हणाले, "तिला सांग. म्हातारीला. आमच्या हिनं शब्द दिला. आमच्या घरातनं शब्द गेला की गेला."

एलियाने सांगितलं. असुंता उठली. सोनलचं तोंड दोन्ही हातांनी धरलं आणि दोन्ही गालांवर मुके घेतले, असे दाबून, की पोरीचा तोल गेला. मग तिने चूल पेटवली, कपाटातून नवं ताट काढलं, ताज्या घड्या उकळत्या पाण्यात सोडल्या. ताट भरून ह्यांच्यासमोर ठेवलं आणि बसा म्हणाली.

ह्यांनी ताटाकडे पाहिलं. वाफ वर येत होती. दशम्या कालच संपत आल्या होत्या, हे मला माहीत होतं. ह्यांच्या गळ्याची घाटी वरखाली झाली. आणि ह्यांनी हात जोडले.

"आता तर मुळीच न्हाई."

"आता काय झालं?" मी ओरडलेच.

"आता हे पोरीचं सासर. लेकीला लेकरू होईस्तोवर तिच्या सासरी घरच्यांनी पाण्याचा थेंब घ्यायचा नसतो. तुला काय इसर पडला व्हय?"

मला खरंच विसर पडला होता. रिवाज खरा होता, माझ्या बापाने माझ्या दारात पाळलेला. काल जेवलं तर सोयरीक होईल म्हणून उपाशी, आज सोयरीक झाली म्हणून उपाशी. मला हसू आवरेना.

"आन् तू? तू तर खातीयास!"

"मी बसले तवा हे सासर नव्हतं. घासागणिक व्हत गेलं. आता उठते, आता न्हाई खात." असं म्हणून मी उरलेला केक तोंडात टाकला.

सोनल हसत, नाक पुसत, असुंताला सांगायला लागली. मला भीती वाटली, की आता परत ताटं ओतली जातात. म्हातारीने सगळं ऐकलं. ह्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग टेबलावर हात आपटून अशी हसली, की भिंतीपलीकडे जावेने तीस वर्षांत पहिल्यांदा कान टवकारले असतील. हसता हसता काहीतरी बोलली. सोनल लाल झाली आणि म्हणाली, "मी नाही सांगणार हे."

मग एलियाच बोलला. "नोना म्हणते, मी एकोणनव्वद. टाइम कमी. पोरगं अर्जंट करा राव."

आमचे हे छताकडे बघायला लागले. छताला लाकडी वासे होते, ते मोजण्यासारखे नव्हते तरी ह्यांनी बराच वेळ बघितले.

असुंताने ताट माझ्याकडे सरकवलं नाही, एलियासमोर ठेवलं. मग कोपऱ्यातली कुऱ्हाड आणून ह्यांच्या हातात दिली आणि अंगणाकडे बोट केलं. न जेवणाऱ्याने तिच्या टेबलापाशी नुसतं बसायचं नाही, असा तिचा कायदा होता. अंगणात थंडीसाठी ओंडक्यांचा ढीग आला होता. हे कुऱ्हाड घेऊन बाहेर गेले. मला वाटतं, ह्यांना बरंच वाटलं. आठवडाभर हातात काम नव्हतं.

पहिला ओंडका फुटल्याचा आवाज आला तशी बाकावरचे तिन्ही म्हातारे तिथे येऊन उभे राहिले. कुऱ्हाड कशी धरावी यावर त्यांच्यात लगेच वाद पेटला. ह्यांनी मराठीत त्यांना उत्तरं द्यायला सुरुवात केली आणि दोन्ही बाजूंना सगळं समजत असल्यासारखं भांडण रंगलं.

त्याच वेळी सोनलच्या फोनवर ज्ञानेशचा व्हिडिओ कॉल आला. तिने फोन माझ्या हातात दिला. ज्ञानेश कंपनीच्या कँटीनमध्ये उभा होता, मागे ताटांचा खणखणाट.

"आई, काय झालं? अप्पा काय म्हणाले?"

"अप्पा लाकडं फोडत्यात. सोयरीक झाली."

"अप्पांनी हो म्हटलं?"

"मी म्हटलं."

कँटीनमध्ये कुणीतरी त्याला धक्का मारून पुढे गेलं. 

"तू?"

"व्हय, मी. जेवण आळणी हाय, पर पोरगं बरं हाय. आता तू हॉल बघाया लाग. आन् जेवणाचं तुझं तू ठरव, मला इचारू नको."